काशीच्या मराठी पायऱ्या

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की घरोघरी एक विषय हमखास निघतो : पुढच्या सुटीत कुठे जायचे? कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी गोवा. आजी मात्र हळूच सांगून पाहते, "एकदा काशी घडली असती तर..." आणि त्याबरोबर पोरांची तोंडे वाकडी होतात. काशी ही म्हातारपणी काठी टेकीत करण्याची यात्रा, तिथून गंगेचा गडू आणायचा आणि देवघरात ठेवायचा, अशी आपल्याकडची पक्की समजूत. त्या समजुतीला थोडा धक्का द्यावा म्हणून हा लेखनप्रपंच. माझे सांगणे असे, की काशी पायांत बळ आहे तोवर पाहावी, मुलांना बरोबर घेऊन पाहावी, आणि शक्य तर फाल्गुनात पाहावी.

फाल्गुन का, ते आधी सांगते. पौष-माघात गंगेवर धुक्याची दुलई असते. वैशाखात तिकडची ती अंग भाजणारी लू सुटते. श्रावण-भाद्रपदात नदी घाटांवर चढते, पायऱ्या पाण्याखाली जातात आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची वाटच बुडते. फाल्गुनात मात्र थंडी सरलेली असते, ऊन अजून कोवळे असते आणि पाणी पुष्कळ खाली उतरलेले असते. त्यामुळे घाटांच्या पायऱ्या वरपासून खालपर्यंत उघड्या दिसतात. ज्याला काशीचा इतिहास वाचायचा आहे, त्याला या पायऱ्यांइतकी चांगली पोथी दुसरी नाही.

शिवाय हे दिवस काशीच्या हौसेचे. महाशिवरात्रीच्या सुमारास तुलसी घाटावर ध्रुपदाचा मेळा भरतो. १९७५ पासून तो चालत आला आहे. फाल्गुन शुद्ध एकादशीला तिथे 'रंगभरी' म्हणतात. शंकर गौरीला माहेराहून घरी आणतो, अशी त्या दिवसाची भावना, आणि त्या मिरवणुकीत पहिला गुलाल उधळला जातो. होळी झाली की दुसऱ्या दिवशी तिकडे चैत्र लागतो, कारण उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला पुरा होतो. होळीनंतरच्या मंगळवारी पूर्वी 'बुढवा मंगल' होई. शृंगारलेल्या नावांतून गाणेबजावणे चाले आणि सारे शहर नदीवर लोटे. सकाळी कचोरी-जिलबी, दुपारी थंडाई आणि जेवणानंतर विडा, हा तिथला नित्यक्रम. मुलांना देवदर्शनाइतकीच जिलबीही लक्षात राहील, आणि त्यात काही गैर नाही.

आता मुख्य गोष्ट. वर्गात पेशवाई शिकवताना नकाशा टांगला, की एखादे चुणचुणीत पोर उठते आणि विचारते, "बाई, मराठ्यांनी काशी कधी जिंकली?" याचे उत्तर एका शब्दाचे आहे : कधीच नाही. अटकेपर्यंत गेलेल्यांचे निशाण काशीवर कधी लागले नाही. आणि तरीही आज गंगेच्या पात्रात नाव घालून या शहराकडे पाहिले, तर जे दिसते त्यातले कितीतरी मराठी पैशाने, मराठी माणसांच्या हुकमाने आणि मराठी माणसांच्या हट्टाने उभे राहिलेले आहे. हे कसे घडले, तेच पाहण्यासारखे आहे.

काशी फार जुनी, यात शंका नाही. बुद्धाने पहिला उपदेश केला तो तिच्या शेजारी, सारनाथला. पण आपल्याला जी चित्रातली काशी ठाऊक आहे, ती दगडी घाटांची, बुरुजांची, नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांची रांग, ती मात्र पुष्कळशी गेल्या तीनशे वर्षांतली आहे. त्याआधी काठाचा मोठा भाग मातीचा होता.

आपली माणसे तिथे पहिल्याने गेली ती विद्येसाठी. पैठणचे रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकाच्या आरंभी काशीत जाऊन राहिले. त्यांचे चिरंजीव नारायण भट्ट हे काशीच्या पंडितांचे मुकुटमणी झाले. अकबराच्या काळात, राजा तोडरमलाच्या साह्याने विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभे राहिले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. पैठणचेच एकनाथ महाराज. त्यांनी आपल्या भागवतावरील टीकेचा आरंभ पैठणला केला, पण तिची समाप्ती झाली काशीत, १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला. मराठीतला एवढा मोठा ग्रंथ संस्कृतच्या राजधानीत पुरा झाला, हे मुलांना आवर्जून सांगावे.

नारायण भट्टांच्या वेळचे ते देऊळ १६६९ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. पुढे मराठ्यांचे बळ वाढले, तसे ती जागा आणि ते शहर परत मिळवण्याचे स्वप्न पुण्यात रुजले. पण पुण्याहून काशीला प्रथम मोठा लवाजमा गेला तो फौजेचा नव्हे, एका आईचा. १७३५ च्या फेब्रुवारीत थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई उत्तरयात्रेला निघाल्या. ज्या मुलखातून मुलाचे घोडे दौडत होते, त्याच मुलखातून आई पालखीतून चालली होती. आणि राजपूत, बुंदेले तर सोडाच, पण बाजीरावांशी लढलेल्या महंमदखान बंगषानेही त्यांचा मान राखला. १७३६ च्या मध्यास त्या सुखरूप परतल्या. मराठ्यांचा दरारा त्या वेळी केवढा होता याचे माप लढायांच्या यादीपेक्षा या एका यात्रेत अधिक सापडते.

फौजेची गोष्ट निराळी. १७४२ च्या सुमारास मराठी सैन्य त्या बाजूला गेले, तेव्हा मल्हारराव होळकरांच्या मनात मशीद पाडून विश्वेश्वराचे देऊळ पुन्हा बांधण्याचा बेत होता. तो बेत थांबवला कोणी? काशीत राहणाऱ्या दक्षिणी ब्राह्मणांनीच. फौज आज आहे, उद्या निघून जाईल, मग इथल्या सुभ्याच्या रागाला तोंड आम्हाला द्यावे लागेल, ही त्यांची धास्ती. ती भित्रेपणाची म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण शहरात राहणाऱ्याची दृष्टी आणि शहर जिंकू पाहणाऱ्याची दृष्टी यांतला फरक त्यात स्वच्छ दिसतो. पुढे १७५९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी दत्ताजी शिंद्यांना लिहून काशी आणि प्रयाग अयोध्येच्या नबाबाकडून मिळवा म्हणून तगादा लावला. वर्षभरातच दत्ताजी गेले, आणि १७६१ मध्ये पानिपत झाले. १७७५ मध्ये नबाबाने काशी कंपनी सरकारला देऊन टाकली. तो विषय तिथे संपला.

विषय संपला, काम मात्र थांबले नाही. पेशव्यांचे पूज्य नारायण दीक्षित कायगावकर काशीत जाऊन राहिले होते. १७४० च्या सुमारास त्यांनी कोळ्यांकडून जागा विकत घेऊन दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट बांधवले. विकत घेऊन, हे शब्द महत्त्वाचे. दुसऱ्याच्या राज्यात बांधायचे म्हणजे परवानगी मागायची, किंमत मोजायची, शेजाऱ्यांशी जमवून घ्यायचे. पुण्याहून किंवा इंदुराहून पैसा जायचा तो सावकारांच्या हुंड्यांनी. दगड यायचा चुनारच्या डोंगरांतून, गंगेच्या प्रवाहाबरोबर होड्यांतून. अशोकाच्या खांबांचा दगडही त्याच डोंगरांतला. सारनाथच्या संग्रहालयात सिंहांचे ते शिल्प पाहून घाटावर परत आलात, की पायरीवर हात ठेवून पाहा; दोन हजार वर्षांच्या अंतराने एकाच डोंगराने दोघांना दगड पुरवला आहे.

आता प्रत्यक्ष चालू या. तीन-चार दिवस हाताशी असले तर पुरेत. मुंबईहून गाडीत बसले की एक दिवस आणि वर काही तासांत काशी येते. पहिल्या दिवशी देवदर्शन करा, दुसऱ्या दिवशी पहाटे अस्सीहून उत्तरेकडे पायी निघा. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे आणि शहर सारे पश्चिम काठावर. त्यामुळे सूर्य समोरच्या वाळवंटावर उगवतो आणि उजेड थेट पायऱ्यांवर पडतो. चालून पाय दुखले तर नाव कुठेही मिळते. भाडे मात्र बसण्याआधी ठरवावे.

अस्सीजवळ भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान म्हणून स्मारक आहे. मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या पदरी होते आणि चिमाजी अप्पा पेशवाई बुडाल्यावर काशीत राहत असत. नदीवरच्या घाटाचे नाव मणिकर्णिका, आणि तांब्यांच्या लेकीचेही नाव मणिकर्णिका. काशीने तिला दिलेली ही पहिली भेट. थोडे पुढे चेतसिंह घाट येतो. काशीच्या या राजाने १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या मागण्यांना नकार दिला. शहर उठले आणि हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात पळावे लागले. शेवटी राजाचे राज्य गेले. त्याने आसरा घेतला तो महादजी शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत, आणि तिथेच त्याचा १८१० मध्ये अंत झाला.

मग राजा घाट. इथे थांबून अमृतराव पेशव्यांची आठवण करावी. राघोबादादांचे हे दत्तक पुत्र. १८०३ मध्ये इंग्रजांशी तह करून सालीना सात लाखांची नेमणूक त्यांनी घेतली आणि राजकारणातून अंग काढले. पुढे काशीत त्यांनी घाट बांधला, गणपतीचे देऊळ बांधले, अन्नदान केले. राज्य गमावलेल्या माणसाचे ते दान होते. त्याला काय म्हणावे, हे ठरवण्याची घाई मी करीत नाही. तुम्हीही पायरीवर क्षणभर बसा आणि मुलांना विचारा. मुलांची उत्तरे पुस्तकांतल्यापेक्षा सरळ असतात.

पुढे मुन्शी घाट दिसेल. तो उंच वाडा आणि घाट नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधला; त्याचा एक भाग नंतर दरभंग्याच्या महाराजांकडे गेला, आणि आता त्या वाड्यात हॉटेल आहे. लागूनच अहिल्याबाई घाट, आणि मग दशाश्वमेध. हा घाट १७४८ मध्ये नानासाहेबांनी बांधवला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाईंनी नव्याने करवला. ज्या नानासाहेबांना काशी राज्यात हवी होती आणि मिळाली नाही, त्यांच्या पायऱ्यांवर रोज संध्याकाळी हजारो माणसे आरतीला बसतात. त्यांतल्या कितीजणांना हे नाव ठाऊक असेल?

अहिल्याबाईंविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी महेश्वराहून राज्य पाहिले. सासरे मल्हारराव यांच्या मनातला बेत त्यांना ठाऊक असणारच. पण त्यांनी फौज पाठवली नाही. मशिदीला हात न लावता, शेजारच्या जागेत त्यांनी १७८० मध्ये विश्वेश्वराचे देऊळ बांधून पुरे केले. आज जगभरचे लोक दर्शन घेतात ते याच देवळात. त्याच्या शिखरांसाठी १८३५ च्या सुमारास पंजाबच्या रणजितसिंहांनी सोने दिले. म्हणजे दगड मराठी, सोने शिखांचे, आणि राज्य तेव्हा इंग्रजांचे! शंभर वर्षांहून अधिक काळ जो प्रश्न तलवारीने सुटला नव्हता, त्याला एका विधवा राणीने गवंड्यांकरवी आपले उत्तर दिले. तो वाद सर्वस्वी मिटला असे मी म्हणत नाही. तो आजही न्यायालयांत चालू आहे. पण ज्याला पूजा करायची आहे त्याला जागा मिळाली, आणि ती मिळवताना कोणाचे घर जळले नाही, हे इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

देवळाभोवतीची दाट वस्ती काढून गंगेपर्यंत थेट वाट केली गेली. तिचे उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले. तिथे अहिल्याबाईंचा पुतळाही आहे. चालणे सोपे झाले, जुन्या गल्ल्या मात्र गेल्या. ज्यांनी दोन्ही पाहिले त्यांच्यात यावरून मतभेद आहेत आणि राहतील. नव्याने जाणाऱ्याने एवढे करावे, की जवळच्या उरलेल्या गल्ल्यांतून तासभर भटकावे. काशीचा वास, बैल, पानाच्या टपऱ्या आणि अंगणांतली छोटी देवळे तिथेच भेटतात.

तिसऱ्या दिवशीची फेरी मणिकर्णिकेपासून सुरू करावी. हे स्मशान आहे. इथल्या घाटाचे कामही अहिल्याबाईंनीच करवले. मुलांना नेऊ नये असे पुष्कळजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. लांबून, शांतपणे, हात जोडून पाहावे. छायाचित्र काढू नये, एवढीच अट. बाजूलाच एक देऊळ कललेले दिसेल आणि त्यापुढे शिंदे घाट. हा घाट दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी १८३० मध्ये बांधवला. पण बांधकाम इतके वजनदार, की खालची भूमी खचली आणि घाट ढासळला. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप मात्र त्यांनीच १८२८ मध्ये बांधवलेला.

या बायजाबाईंचे आपल्या मराठी गद्यावरही उपकार आहेत. त्या मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा वाटणार, असे ऐकूनच वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. त्या हालअपेष्टांतून वाचून ते काशीस गेले आणि तिथून गंगेची कावड घेऊन घरी आले, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालण्यासाठी. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक जाण्यापूर्वी घरात मोठ्याने वाचावे. ज्या वाटेला त्यांना महिनोन्‌महिने लागले, ती आपण झोपेत काटतो.

शिंदे घाटापुढे भोसले घाट, नागपूरकरांचा. मग पंचगंगा. वर औरंगजेबाच्या काळची मशीद आहे, बिंदुमाधवाच्या जुन्या देवळाच्या जागी. बिंदुमाधवाचे आजचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले. जवळच बालाजीचे देऊळ. उस्ताद बिस्मिल्ला खाँ लहानपणी सनईचा रियाज करीत ते याच बालाजीच्या देवळात. या काठावर कोणाचे काय, याची वाटणी करू गेलो तर हाती काही लागत नाही. पुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट; तिथल्या गल्ल्यांतून अजून मराठी आडनावे आहेत, गणपती बसतात, आणि त्यांच्या मराठीत बनारसी गोडवा उतरला आहे.

चौथा दिवस सारनाथसाठी ठेवावा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे लक्षात असू द्या. तिथे एका स्तूपाचा नुसता पाया दिसेल. १७९४ मध्ये जगतसिंह नावाच्या दिवाणाच्या माणसांनी पेठ बांधण्याकरिता त्याच्या विटा उपसून नेल्या. त्याच काळात अहिल्याबाईंच्या घाटांचा दगड चुनारहून रोख पैसे मोजून येत होता. बांधण्याच्या या दोन रीती मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवाव्यात. नागरिकशास्त्राचा धडा निराळा घ्यावा लागणार नाही.

काशीहून गयेला जाण्याच्या वाटेवर कर्मनाशा नावाची नदी लागते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर जन्माचे पुण्य धुऊन जाते, अशी लोकांची समजूत. यात्रेकरूंची ती पंचाईत दूर व्हावी म्हणून पुण्याच्या नाना फडणिसांनी तिच्यावर पूल बांधायला घेतला, पुष्कळ पैसा खर्चला. पण पूल पुरा झाला नाही. तो पुरा केला एकोणिसाव्या शतकात काशीच्या राजा पटणीमलाने, आणि त्यात जेम्स प्रिन्सेप या इंग्रजाची मदत झाली. मराठ्याने आरंभलेले काम काशीकराने आणि इंग्रजाने पुढे नेले, आणि वरून चालला तो कोणताही यात्रेकरू. नानांच्या साऱ्या राजकारणात मला तो पूल अधिक आवडतो.

पराक्रमाचा अभिमान मुलांना असावाच. पण अटकेच्या झेंड्याची सावली वर्ष-दीड वर्षाची होती; काशीच्या पायऱ्यांवर अडीचशे वर्षे माणसे स्नान करीत आहेत, आणि पायरी कोणालाही त्याची जात, भाषा वा गाव विचारीत नाही. जे आपले म्हणून घेता आले नाही ते सर्वांचे म्हणून बांधता आले, ही गोष्टही त्याच इतिहासात आहे आणि ती सांगायची राहून जाते.

पंचगंगेच्या काठावर एक दगडी दीपमाळ आहे. तिला तिथले लोक 'हजारा' म्हणतात. तीही अहिल्याबाईंनी दिलेली. तुमच्या दारातले आकाशकंदील उतरतात न उतरतात, तोच कार्तिकी पौर्णिमेला, नाथांचे भागवत पुरे झाले त्याच तिथीला, देवदिवाळीसाठी ती पेटते. फाल्गुनात जाल तेव्हा तिच्यावर दिवे नसतील. तेलाने काळे पडलेले दगडाचे हात तेवढे दिसतील. मुलांना तिथे उभे करा आणि दिवे मोजायला सांगा.